चार चाकांना चार जातीचे टायर



राणीसावरगावात बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला लागलेल्या गाड्यांची चाके आम्ही वाकून वाकून पाहत गेलो. कोणाला वाटले, यांचे काही पडले आहे. पडले काहीच नव्हते, पण जे पाहिले ते सांगण्यासारखे आहे. पुढे डाव्या चाकाला एका कंपनीचा टायर, उजव्याला दुसऱ्या. मागे एक गोटा झालेला, त्याच्या जोडीला कोरा करकरीत. एका जीपला तीन रेडियल आणि एक नायलॉन. मालकाला विचारले तर उत्तर ठरलेले, "जसजसा फुटला तसतसा बदलला. चारही एकदम बदलायला पैसा कुठला?"

उत्तर खोटे नाही. म्हणूनच हा विषय या पानावर घेतला आहे. कापूस आणि ज्वारीचे भाव सोडून टायरचे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. पण आमच्या कोरडवाहू भागात आज गाडी ही चैन राहिलेली नाही. बाळंतीणीला रात्री गंगाखेडला न्यायचे, म्हाताऱ्याला परभणीच्या दवाखान्यात दाखवायचे, चार घरांचा कापूस पिकअपमध्ये भरून जिनिंगला पोचवायचा, तर एस.टी.च्या वेळापत्रकावर बसून भागत नाही. मग शहरात आठ-दहा वर्षे वापरलेली गाडी आपण घेतो. घेताना इंजिनाचा आवाज ऐकतो, पत्रा वाजवून पाहतो, कागद चार जणांना दाखवतो. टायरकडे पाहिले तर पायाने एक लाथ मारतो, बस. ज्याच्यावर सारे घर बसते त्याची परीक्षा लाथेने!

गाडी जमिनीला टेकते ती चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढीच जागा. ब्रेक कितीही चांगला असो, तो चाक थांबवतो. गाडी थांबवायची ती या चार तळहातांनीच. आता चार तळहात चार प्रकारचे असले तर काय होईल, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला इंजिनिअर लागत नाही. आपण एका जुवाला एक थोराड बैल आणि एक नवशिका खोंड जुंपत नाही. जुंपला तर तास वाकडे जाते, एकाच्या मानेवर ओझे येते आणि दोघेही बिघडतात. एका आसावरची दोन चाके ही बैलजोडीच आहे. ती एका मापाची, एका जातीची, एका घडणीची आणि साधारण सारखीच झिजलेली पाहिजे. तसे नसेल तर जोराचा ब्रेक लागला की पकड असलेले चाक थांबते, नसलेले घसरते आणि गाडी एका बाजूला ओढते. कोरड्या रस्त्यावर संथ चालताना हे कळत नाही. मृगाच्या पहिल्या सरीनंतर, ट्रॅक्टरने शेतातून काळी माती रस्त्यावर आणून टाकलेली असते तेव्हा कळते. सुगीत रस्त्यावरच खळे करून ज्वारी-सोयाबीन पसरले जाते, त्या भुसकटावरही कळते. (रस्त्यावर खळे करण्याबद्दल एकदा स्वतंत्रपणे भांडायचे आहे, आज नाही.)

जात म्हणजे काय? टायरच्या पोटात दोऱ्यांचे थर असतात. हे दोरे एकमेकांना तिरपे छेदत गेले असतील तर तो क्रॉसप्लाय, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट नायलॉन म्हणतात तो. दोरे काठापासून काठापर्यंत सरळ आडवे असतील आणि वरून बहुधा पोलादी पट्टा असेल तर तो रेडियल. नायलॉनची कूस कडक, दगडधोंड्याला दणकट, म्हणून जुन्या जीपा, ट्रॉल्या त्याच्यावर चालल्या. रेडियलची कूस लवचीक, वळणावर रस्ता धरून ठेवतो, कमी तापतो, जास्त दिवस टिकतो. दोघांची वळणावरची चाल वेगळी. म्हणून एका आसावर एक रेडियल आणि एक नायलॉन हे कधीही चालायचे नाही, अगदी दोन दिवसांपुरतेही नाही. नाइलाजाने गाडीवर दोन जोड्या वेगवेगळ्या असल्याच, तर रेडियलची जोडी मागे पाहिजे. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन ही सगळ्यात वाईट मांडणी. वळणावर पुढचा भाग रस्ता धरतो, मागचा सोडतो, आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

जाता जाता एक गोष्ट. टायर हा कापूसवाल्याला परका नाही. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन डनलॉप नावाच्या माणसाने हवेचा टायर केला. तो धंद्याने जनावरांचा डॉक्टर होता, पोराच्या तीनचाकी सायकलीसाठी त्याने ही खटपट केली. पुढे कित्येक वर्षे टायरच्या पोटातले कापड आणि दोरे सुताचेच असत. मग रेयॉन आले, नायलॉन आले, पॉलिएस्टर आणि पोलाद आले, आणि कापूस टायरमधून बाहेर पडला. कापसाला पर्याय सापडला की कापूसवाल्याला कोणी विचारत नाही, हा अनुभव आजचा नव्हे.

आता आमच्या भागात खास घडणारी एक चूक. जुन्या जीपचा टायर ६.००-१६ मापाचा. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायरही बऱ्याचदा ६.००-१६ मापाचाच. माप एक, रिंग बसते, घरात ट्रॅक्टरचा टायर पडलेला आहे, मग लावा जीपला. पण ट्रॅक्टरचा टायर तासाला तीस-चाळीस किलोमीटरच्या चालीसाठी केलेला असतो. जीप साठ-सत्तरने पळवली की तो आतून तापतो, थर सुटतात. ब्रेकलाही तो रस्ता धरत नाही, कारण त्याची नक्षी ढेकळात दिशा धरण्यासाठी असते, डांबरासाठी नव्हे. तसेच पिकअपचे. तिच्या टायरवर एल.टी. अशी अक्षरे असतात, म्हणजे हलक्या मालगाडीचा टायर. त्याच्या जागी मापाला जवळ म्हणून कारचा टायर चढवला आणि वर पंधरा क्विंटल कापूस रचला, तर टायरचा दोष काढण्यात अर्थ नाही.

टायरवर काय लिहिले आहे ते वाचायला शिकले पाहिजे. बोगस बियाण्याने हात पोळल्यावर आपण पिशवीवरचा लॉट नंबर आणि मुदत पाहायला शिकलो. हे तेवढेच सोपे आहे. समजा कुशीवर १८५/६५ आर १५ ८८ टी असे कोरलेले आहे. १८५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे कुशीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ ही रिंग इंचात. ८८ हा ओझ्याचा आकडा, त्याचा अर्थ एक टायर पुऱ्या हवेवर ५६० किलो पेलतो. टी म्हणजे जास्तीत जास्त वेग १९० किलोमीटर. एस असेल तर १८०, एच असेल तर २१०. आमच्या रस्त्यांवर १९० ने कोण जाणार, म्हणून वेगाच्या अक्षराकडे फार पाहू नका असे कोणी सांगेल, पण ज्या टायरला जास्त वेग मान्य आहे त्याला उष्णता सोसण्याची ताकदही त्या मानाने असते. गाडीबरोबर जो आकडा आणि जे अक्षर आले, त्याच्या खाली उतरू नये. दाराच्या चौकटीवर एक छोटा कागद चिकटवलेला असतो, त्यावर माप आणि हवा दोन्ही लिहिलेले असतात. कागद निघाला असेल तर गाडीच्या पुस्तकात आहे.

याशिवाय एक चार आकडी संख्या असते, बहुतेक वेळा एका लांबट चौकटीत. २३१९ असे असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. ही संख्या आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि हिच्याकडेच कोणी पाहत नाही. शहरातली गाडी वर्षाला दहा-पंधरा हजार किलोमीटर पळते, तिचा टायर झिजून मरतो. आपली गाडी तीन-चार हजार पळते आणि बाकी दिवस अंगणात उन्हात उभी असते. तिच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर म्हातारे होऊन तडकलेले असते. परभणीचा उन्हाळा ज्याने काढला त्याला उन्हाने रबराचे काय होते ते सांगायला नको. पाइपाचे तुकडे पडतात ते आपण दरवर्षी पाहतो. पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणत्या माणसाकडून टायर तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांचा टायर कितीही चांगला दिसो, काढून टाकावा. स्टेपनीलाही हेच लागू. गाडीबरोबर आलेली स्टेपनी बारा वर्षे डिकीत राहते, आणि टायर फुटला की आपण म्हणतो, "स्टेपनी नवीच आहे, एकदाही वापरली नाही." वापरली नाही हे खरे, नवी आहे हे नव्हे. काही नव्या गाड्यांना बारीक स्टेपनी येते. ती गावापर्यंत पोचायला दिलेली असते, तिच्यावरच वेगाची मर्यादा लिहिलेली असते. तिच्यावर महिनाभर बाजार करू नये.

झीज मोजायला खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. कायद्याने कारच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. आमचे मत असे की पावसाळ्याच्या तोंडावर तीनच्या आसपास आलेला टायर बदललेला बरा. खाच पाणी बाहेर काढण्यासाठी असते. ती उथळ झाली की साचलेल्या पाण्यावर टायर तरंगतो, आणि मग सुकाणू फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडीला दोन्ही ऐकू येत नाही. मोजपट्टी नसेल तर काडेपेटीतली काडी गुलाच्या बाजूने खाचेत उभी करा. गुल पुरता बुडत नसेल तर पुढच्या बाजाराची वाट पाहू नका.

दोनच टायर घेण्याची ऐपत असेल तर ते कुठे लावायचे? या प्रश्नावर आमच्याकडे पाराखाली जेवढे एकमत आहे तेवढे दुसऱ्या कशावर नसेल: नवे पुढे, जुने मागे. आणि हे एकमत चुकीचे आहे. पुढचे चाक घसरले तर गाडी सरळ जाऊ पाहते, सुकाणू हलके लागते, चालकाला कळते, तो पाय काढतो आणि बऱ्याचदा गाडी परत ताब्यात येते. मागचे चाक घसरले तर आधी काहीच कळत नाही, कळते तेव्हा गाडी आडवी झालेली असते. म्हणून नवी जोडी मागे, मग गाडीचे इंजिन पुढची चाके ओढो की मागची. पुढची चाके ओढणारी गाडी जुन्या टायरवर चिखलात फिरते, जागची हलत नाही, हे खरे. त्याचा उपाय एवढाच की पुढचे टायर इतके झिजू द्यायचेच नाहीत. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करीत राहायचे, म्हणजे चारही बरोबर म्हातारे होतात. चारही चाकांना इंजिनाची ओढ लागणारी जीप असेल तर चारही टायर सारखेच हवेत. नाहीतर कमीजास्त घेराच्या चाकांची रस्सीखेच गिअरपेटीत होते आणि टायरचे वाचवलेले पैसे दसपटीने गॅरेजात जातात.

हवा कमी असली की कूस वाकते, वाकून तापते आणि तापून फुटते. मे महिन्यात, बालाघाटाच्या चढावर, नवाच्या जागी सोळा माणसे बसवलेल्या जीपचा टायर फुटतो तेव्हा तो "अचानक" फुटलेला नसतो. सकाळी गाडी थंड असताना महिन्यातून दोनदा हवा पाहावी. तापलेल्या टायरची हवा जास्त दाखवते म्हणून काढून टाकू नये, थंड झाल्यावर तीच कमी भरते. शहरात नायट्रोजन भरण्याचे वेगळे पैसे घेतात. साध्या हवेतही १०० पैकी ७८ भाग नायट्रोजनच असतो; तो फुकट मिळतो तेवढा पुरे.

मोठ्या शहरांतून उतरलेले टायर आमच्या बाजारांत विकायला येतात. त्यात चांगले असतात, नाही असे नाही. पण गोटा झालेल्या टायरवर तापल्या पात्याने पुन्हा खाचा कोरून, वर काळा रंग मारून नवा म्हणून विकण्याचा धंदाही चालतो. कोरलेल्या खाचेखाली रबर उरत नाही, थेट दोरे असतात. खाच जरा फाकवून पाहा, तळाशी रबराचे उंचवटे नसतील किंवा दोरा दिसला तर पुढे चला. रिमोल्ड टायर ट्रकच्या मागच्या जोडचाकांना चालतो, सांगाडा चांगला असेल आणि काम नीट झाले असेल तर. आपल्या बायका-पोरांच्या गाडीला तो लावू नये, पुढच्या चाकाला तर नाहीच.

"टायर फुटला" हे आता अपघाताचे हुकमी उत्तर झाले आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे जळाली. पहिल्या दिवशी टायर फुटल्याचे सांगण्यात आले. परिवहन अधिकाऱ्यांच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याची खूण सापडली नाही. टायरवर ढकलले की कोणाचाच दोष राहत नाही, टायर काही जबानी देत नाही. त्याच वर्षी परिवहन खात्याने समृद्धीच्या प्रवेशावर टायरतपासणी सुरू केली आणि घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. योग्यच केले. १२० ने जाण्यासाठी केलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर तिथल्या उन्हात म्हातारा टायर टिकत नाही. जालना–नांदेड जोडमार्ग झाला की हा प्रश्न परभणी जिल्ह्याच्या दारात येणार आहे. मोबदल्याची लढाई आपली जागा धरून आहेच, पण ज्या रस्त्यासाठी आपली जमीन गेली त्या रस्त्यावर घासलेल्या टायरमुळे आपल्यालाच चढू दिले नाही, अशी वेळ येऊ नये.

आता पैशाचे. साध्या गाडीच्या चार टायरांना वीस हजारांच्या आसपास लागतात. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आणि मालदांडी ज्वारीचा ३,७४९. म्हणजे चार टायर म्हणजे अडीच-तीन क्विंटल कापूस किंवा पाच-सव्वापाच क्विंटल ज्वारी, तीही हमीभाव पदरात पडला तर. कोरडवाहू एकरात काय पिकते ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे. मग चौथा टायर सेकंडहँड घेतला तर त्या शेतकऱ्याला बेपर्वा म्हणण्याचा अधिकार कोणाला?

टायरचा भाव कसा ठरतो तेही पाहा. टायर विक्रेत्यांच्या महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २०११-१२ मध्ये पाच मोठ्या कंपन्यांनी बदलीच्या क्रॉसप्लाय टायरांचे भाव संगनमताने वाढवले, असा निष्कर्ष काढून १,७८८ कोटी रुपयांवर दंड ठोठावला. हा आदेश ऑगस्ट २०१८ चा, तो बाहेर आला फेब्रुवारी २०२२ मध्ये. डिसेंबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत धाडले. दहा वर्षांत ग्राहकाच्या हाती काय आले ते आपण जाणता. ज्या केरळी शेतकऱ्याच्या चिकातून टायर होतो, त्याला तरी ही वाढ मिळाली का? २०११ मध्ये रबर किलोला २४० रुपयांच्या घरात होते, २०१६ च्या सुरुवातीला शंभराच्या खाली आले. टायर काही निम्म्या किमतीत मिळाला नाही.

आणि सरकारचा न्याय असा, की जून २०२० मध्ये नव्या टायरांची खुली आयात बंद करून ती परवान्याखाली आणली, कारण देशी कारखानदाराला संरक्षण हवे. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले, कारण गिरण्यांना स्वस्त कापूस हवा. टायर विकणाऱ्याला भिंत आणि कापूस विकणाऱ्याचे दार उघडे. बाजार मोकळा करायचा असेल तर तो दोघांचाही मोकळा करा, आमची तक्रार नाही. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे: २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आणि ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा १८ वरून ५ वर आला. टायर घेताना पक्के बिल मागा, त्यावर कर किती लावला ते पाहा, आणि टायरवरची ती चार आकडी संख्या बिलावर लिहून घ्या. दुकानदार कुरकुर करील. बियाण्याच्या बिलावर लॉट नंबर लिहायलाही तो एकेकाळी कुरकुर करीतच होता.

चारही टायर एकदम घेणे जमत नसेल तर जोडीने घ्या. कापसाची पहिली वेचणी विकली की एक जोडी, ती मागे. दुसरी जोडी पुढच्या हंगामात, माप तेच, जात तीच. मधे एखादा फुटलाच तर त्याच घडणीचा आणि तेवढाच झिजलेला शोधा. नाही मिळाला तर नव्या टायरची जोड स्टेपनीशी लागते का पाहा, ती पाच वर्षांच्या आतली असेल तरच. भावकीत दोन-तीन घरांच्या गाड्या एका मापाच्या असतील तर एकत्र जाऊन आठ टायरांचा भाव करा, एका टायरला मिळत नाही तो भाव आठांना मिळतो.

पुढच्या जिल्हा बैठकीला जे गाड्या घेऊन येतील त्यांनी अर्धा तास लवकर यावे. खाच मोजायची पट्टी आणि हवा पाहायचे मीटर आम्ही आणतो, मंडपाच्या बाहेर गाड्या लावून चारही चाके आणि स्टेपनी पाहू. ज्यांना संख्या वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायला तरुण पोरे उभी राहतील. जीपला ट्रॅक्टरचा टायर लावून येणाऱ्याला परत पाठवणार नाही, पण जाताना तो सावकाश घेऊन जावा लागेल, आणि वाटेत कोणाला बसवून घेऊ नये.